बारावीनंतरचं कॉलेज: अकरावीची फूटपट्टी बाजूला ठेवा

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि घराघरांत एकच चौकशी सुरू होते: आता कॉलेज कुठलं? बहुतेक घरांत ही चौकशी दोन वर्षांपूर्वीच्या सवयीनेच होते. गेल्या वर्षी कटऑफ कितीला थांबला, मैत्रिणी कुठे चालल्यात, क्लास जवळ पडतो का, कॉलेजचं नाव किती मोठं आहे. अकरावीला एवढ्यावर निभावून जातं, कारण राज्य मंडळाच्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात गेलं तरी पुस्तकं तीच, बोर्डाची परीक्षा तीच आणि गुणपत्रिकेवरचं नावही तेच. पदवीला तसं नसतं. एकाच रस्त्यावरच्या दोन महाविद्यालयांत अभ्यासक्रम, परीक्षा, फी आणि कधीकधी पदवी देणारं विद्यापीठसुद्धा वेगळं असू शकतं. म्हणून पदवीचा प्रवेश अर्ज भरण्याआधी ज्युनिअर (अकरावी-बारावी) आणि सीनिअर (पदवी) कॉलेज यांत नेमकं काय बदलतं, हे मुलांनी आणि पालकांनी नीट समजून घ्यायला हवं.

एकाच फाटकाच्या आत दोन व्यवस्था

महाराष्ट्रात पूर्वी अकरावीला शालान्त परीक्षा असे आणि त्यानंतर चार वर्षांची पदवी. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचा स्वतंत्र टप्पा उभा राहिला. जागा, प्रयोगशाळा आणि ग्रंथालयं तयार होती ती जुन्या महाविद्यालयांत, त्यामुळे हे वर्ग बऱ्याच ठिकाणी तिथेच भरू लागले. काही वर्ग हायस्कुलांना जोडले गेले, त्यांना आपण उच्च माध्यमिक विद्यालय म्हणतो. काही कनिष्ठ महाविद्यालयं अगदी स्वतंत्र निघाली. आजही राज्यात हे तिन्ही प्रकार आहेत.

पण फाटक एक असलं तरी आतला कारभार दोन खात्यांचा असतो. कनिष्ठ महाविद्यालय शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतं. त्याची तक्रार शिक्षण उपसंचालकांकडे जाते आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या या मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. वरिष्ठ महाविद्यालय, म्हणजे पदवीचं कॉलेज, उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे येतं. त्यावर उच्च शिक्षण सहसंचालकांची देखरेख असते, शैक्षणिक बाबतीत विद्यापीठाचा शब्द चालतो आणि निकष विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे असतात.

शिक्षकांची पात्रताही वेगळी आहे. ज्युनिअरला शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं. सीनिअरला पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. त्यामुळे ज्या सरांनी बारावीला भौतिकशास्त्र उत्तम शिकवलं, तेच सर बी.एस्सी.ला भेटतील असं धरून चालू नका, मग इमारत तीच का असेना.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ज्युनिअरच्या निकालावरून सीनिअरची परीक्षा करता येत नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचंच पाहा. बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे त्याचं नाव राज्यभर पोहोचलं. पण त्याचा पदवी विभाग स्वायत्त आहे आणि विद्यापीठ आहे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. तिथे पदवीला जायचं तर चौकशी पदवी विभागाची करावी लागेल. तुमच्या गावातल्या कॉलेजलाही हेच लागू आहे.

पदवीवर नाव कुणाचं?

मराठी घरांत हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो, खरं तर तो सगळ्यात आधी विचारायला हवा. ढोबळमानाने चार उत्तरं येतात.

पहिलं, संलग्न महाविद्यालय. राज्यातली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं याच प्रकारातली. अभ्यासक्रम आणि मुख्य परीक्षा विद्यापीठाच्या, पदवीही विद्यापीठाची. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, नागपूरचं १९२३ चं, पुण्याचं १९४९ चं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. तुमचं कॉलेज कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे, यावर तुमचा अभ्यासक्रम ठरतो.

दुसरं, स्वायत्त महाविद्यालय. पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईची सेंट झेवियर्स आणि रुईया ही ओळखीची नावं. अशी महाविद्यालयं आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात, परीक्षा स्वतः घेतात, निकाल स्वतः लावतात, पण पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते. स्वायत्ततेमुळे नवे विषय लवकर येतात आणि निकाल सहसा वेळेवर लागतात. मात्र दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलायचं ठरलं, तर दोन अभ्यासक्रम जुळवताना त्रास होऊ शकतो. घरची बदलीची नोकरी असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

तिसरं, अभिमत आणि खाजगी विद्यापीठं. यांची पदवी स्वतःची, प्रवेश परीक्षा बऱ्याचदा स्वतःची आणि फीही स्वतः ठरवलेली. चौथं, मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्यांना पदवी देत आलं आहे. त्याची पदवी कायद्याने मान्य आहे. नोकरी करणाऱ्या मुलाने नियमित कॉलेजात नुसतं नाव घालून तास बुडवण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी सरळ.

संलग्नतेबाबत आणखी एक खबरदारी घ्या. संलग्नता अभ्यासक्रमागणिक मिळते. कॉलेज जुनं आणि मान्यताप्राप्त असलं तरी यंदा सुरू केलेल्या एखाद्या अभ्यासक्रमाची किंवा वाढीव तुकडीची मंजुरी अजून यायची असू शकते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांची यादी असते. तिथे तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव आणि प्रवेशक्षमता शोधा. नाव सापडलं नाही तर कॉलेजकडे संलग्नतेचं पत्र मागा. ते मागण्यात कसलाही संकोच बाळगू नका. बनावट विद्यापीठांची यादीही यूजीसी जाहीर करते, ती एकदा डोळ्यांखालून घाला.

एकाच वर्गखोलीत दोन प्रकारची फी

फीच्या बाबतीत पालक नेहमी गोंधळतात, कारण एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन्ही अभ्यासक्रम चालतात. अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या अनुदानित तुकड्यांची फी बेताची असते. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाचा सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. मुंबईत बी.कॉम. आणि बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स एकाच मजल्यावर चालत असले तरी दोन्हींच्या फीत काही पटींचा फरक पडतो. नुसत्या बी.कॉम.लाही विनाअनुदानित तुकडी असू शकते. म्हणून गुणवत्ता यादीत नाव आलं की तुकडी अनुदानित आहे का, हे विचारूनच पैसे भरा.

बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि दर वर्षी त्यांचं नूतनीकरण करावं लागतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना या ठळक योजना आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत हातची जाते.

पहिल्या सत्रात हातात काय पडतं

बारावीला सहा विषय, प्रत्येकाचे शंभर गुण, पस्तिसाला पास. हे गणित मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पदवीला त्याची जागा श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, घेतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार नवी रचना राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. वर्षाची दोन सत्रं, प्रत्येक सत्राला साधारण २२ श्रेयांक. वर्गातल्या १५ तासांना एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला ३० तासांना एक.

एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, पहिल्या सत्राची नेहमीची मांडणी बघा. मुख्य विषय, ज्याला सगळे मेजर म्हणतात, ६ श्रेयांकांचा. आपल्या शाखेबाहेरचा खुला विषय ४ श्रेयांकांचा. व्यावसायिक कौशल्याचा अभ्यासक्रम २ आणि कौशल्यवृद्धीचा २. भाषेचा २, मूल्यशिक्षणाचा २, भारतीय ज्ञानप्रणालीचा २. एनएसएस, एनसीसी, खेळ, कला असा सहशैक्षणिक उपक्रम २. बेरीज २२. विद्यापीठानुसार थोडा इकडचा तिकडे फरक होतो. म्हणजे पहिल्या सत्रात बी.ए. इतिहासच्या विद्यार्थ्याच्या २२ श्रेयांकांपैकी इतिहासाचे सहाच असतात. ‘आम्ही इतिहास घेतला, मग हे बाकीचं कशाला?’ असा प्रश्न ऑगस्टमध्ये पडण्यापेक्षा जूनमध्येच पूर्ण तक्ता मागून घ्या. त्यात खुल्या विषयांचे पर्याय खरोखर किती आहेत, हेही कळतं. काही ठिकाणी यादी वीस विषयांची असते आणि प्रत्यक्षात तास दोनाचेच होतात.

याच रचनेत अध्येमध्ये बाहेर पडायची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडणाऱ्याला ठरावीक जादा श्रेयांक पूर्ण करावे लागतात. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, म्हणून तिथलं खातं पहिल्याच वर्षी उघडा आणि त्यावरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते तपासा. तीन वर्षांची पदवी स्पर्धा परीक्षांना आणि दोन वर्षांच्या एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.ला पुरते. चौथं वर्ष करणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येतं. संशोधनाकडे जायची इच्छा असेल, तर तुमच्या विषयाचं चौथं वर्ष त्याच कॉलेजात होणार आहे का, हे आत्ताच विचारा. प्रत्येक विभागाला ते चालवता येतंच असं नाही.

प्रवेशाचे वेगवेगळे रस्ते

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. पदवीला असा एक दरवाजा नाही. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला बहुतेक महाविद्यालयं बारावीच्या गुणांवर स्वतःची गुणवत्ता यादी लावतात. मुंबई विद्यापीठात त्याआधी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी सक्तीची असते आणि त्याच महाविद्यालयातून बारावी झालेल्यांना प्रवेशात प्राधान्य मिळतं. मुंबईत ज्युनिअर निवडताना सीनिअरचाही विचार करावा लागतो, तो याचसाठी. इंजिनीअरिंग, फार्मसी, पाच वर्षांचं एलएल.बी. यांना राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांनाही सीईटी लागू झाली. काही महाविद्यालयांनी त्याच धर्तीचे अभ्यासक्रम बी.कॉम.च्या वेगळ्या नावाने सुरू ठेवले आहेत. त्यांना सीईटी लागत नाही. पण प्रमाणपत्रावर कोणतं नाव छापलं जाणार, हे लेखी पाहून घ्या.

शाखा बदलायची असेल तर नियम सोपा आहे. विज्ञानाचा विद्यार्थी कला किंवा वाणिज्य शाखेला जाऊ शकतो, कला शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र सहसा बी.एस्सी.ला जाता येत नाही. संगणकशास्त्रासारख्या अभ्यासक्रमांना बारावीला गणित असण्याची अट बऱ्याच ठिकाणी असते.

कागदपत्रांत मुलं अडतात ती ठरलेल्या जागी. कॉलेज सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत हवी, झेरॉक्सवर काम भागत नाही. सीबीएसई किंवा दुसऱ्या राज्याच्या मंडळातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. राखीव जागेसाठी जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढायला गेलं तर सेतू केंद्रातल्या रांगेत प्रवेशाची मुदत उलटते, तेव्हा ही कामं निकालाची वाट न पाहता उरकून ठेवा. प्रवेश रद्द केला तर कॉलेजला मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. यूजीसीने २०१८ मध्येच तसं बजावलं आहे.

गोव्यात आणि बेळगावात

गोव्यात अकरावी-बारावीला कॉलेज म्हणतच नाहीत. तिथे ती उच्च माध्यमिक विद्यालयं असतात आणि कॉलेज सुरू होतं ते पदवीपासून, १९८५ च्या गोवा विद्यापीठाखाली. बेळगावात हाच टप्पा पीयूसी म्हणून ओळखला जातो आणि पदवीची महाविद्यालयं राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत. बेळगाव-निपाणीकडून कोल्हापूरला शिकायला येणाऱ्या मराठी मुलांनी पीयूसीच्या गुणपत्रिकेसोबत स्थलांतर आणि पात्रता प्रमाणपत्राची तयारी निकालाच्या दिवसापासूनच करावी, कारण पात्रता पूर्ण झाल्याशिवाय विद्यापीठाची नोंदणी पक्की होत नाही.

बदलायच्या सवयी

गेल्या काही वर्षांत ज्युनिअर कॉलेजची एक विचित्र रीत पडली आहे. नाव कॉलेजात, हजेरी क्लासमध्ये. ‘टाय-अप’ या नावाखाली कितीतरी मुलं दोन वर्षं कॉलेजच्या वर्गात फिरकलेलीच नसतात. हीच मुलं पदवीला येतात आणि पहिल्याच सत्रात कोलमडतात. इथे ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे. अंतर्गत मूल्यमापन सत्रभर चालतं. प्रकल्प, सादरीकरण, चाचण्या यांचे गुण शेवटच्या महिन्यात मागून मिळत नाहीत. एखादा विषय राहिला तर एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं, पण मागचं ओझं पुढे चालत राहतं आणि टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षी, ते सगळं एकदम अंगावर येतं. बारावीला गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचावर भागतं, पदवीला संदर्भग्रंथ उघडावाच लागतो. म्हणून कॉलेज पाहायला गेलात की ग्रंथालयात जा. तुमच्या विषयाच्या कपाटापुढे उभे राहा आणि अलीकडच्या वर्षांतली किती पुस्तकं आहेत ते बघा. वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो तेही विचारा. त्या दहा मिनिटांत माहितीपुस्तकापेक्षा जास्त कळतं.

शिक्षकांची चौकशी तर करायलाच हवी. राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत आणि तास घेतात ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. त्यांतले कितीतरी जण मनापासून शिकवतात, पण तुटपुंज्या मानधनावर दोन-तीन कॉलेजं सांभाळताना त्यांना विद्यार्थ्यांसाठी वेळ उरत नाही आणि पुढच्या वर्षी ते असतीलच याची खात्री नसते. तुमच्या मेजर विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणीही बघा, मात्र ती कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे ते तपासून. फलकावरचा ‘ए’ कधीकधी मुदत संपलेला असतो.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

१. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचं नाव काय?
२. या अभ्यासक्रमाला आणि या तुकडीला यंदाची संलग्नता आहे का?
३. तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, आणि तीनही वर्षांची मिळून फी किती?
४. मेजर विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती, आणि खुल्या विषयांचे प्रत्यक्ष चालणारे पर्याय कोणते?
५. इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की विद्यार्थ्याने शोधायची?
६. चौथं वर्ष इथे होणार आहे का?

ही उत्तरं कार्यालयात मिळाली नाहीत तर विभागप्रमुखांना भेटा. तिथेही टाळाटाळ झाली, तर तेच एक उत्तर समजा. शेवटी एक पडताळा जरूर घ्या: याच विभागात सध्या टीवायला असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला. तास होतात का, निकाल वेळेवर लागतो का, प्राध्यापक भेटतात का, हे ते सरळ सांगतात.

पालकांना एक विनंती. अकरावीला तुम्ही मुलांच्या वतीने निर्णय घेतला असेल, या वेळी तो त्यांना घेऊ द्या, पण चौकशीला त्यांच्यासोबत जा. आणि मुलांनो, दूरच्या मोठ्या नावामागे धावण्याआधी आपल्या तालुक्याच्या कॉलेजातला तो विभाग बघून या. चांगले शिक्षक, भरलेलं ग्रंथालय आणि नियमित होणारे तास जिथे असतील, तिथेच प्रवेश घ्या, मग कटऑफ कितीही खाली असो.